मागच्या पानांचा अभ्यास

पत्रकारिता शिकवणाऱ्यांना अडचणीत टाकणारा एक प्रश्न आहे. गेल्या तीन-चार दशकांत पैशाच्या व्यवहारातल्या मोठमोठ्या लबाड्या ज्यांनी उघड केल्या, त्यांच्यापैकी कितीजण अर्थपत्रकारितेची पदवी घेऊन आले होते? सुचेता दलाल यांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात संख्याशास्त्र घेतले आणि मग मुंबईत कायद्याची पदवी. एन्रॉनच्या शेअरला एवढा भाव कशाच्या जोरावर, असे मार्च २००१ मध्ये ‘फॉर्च्यून’मधून विचारणाऱ्या बेथनी मॅकलीन इंग्रजी आणि गणिताच्या पदवीधर, लेखणी धरण्याआधी त्या गोल्डमन सॅक्समध्ये नोकरी करत होत्या. जर्मनीतल्या वायरकार्ड कंपनीचा फुगा फोडणारे ‘फायनान्शियल टाइम्स’चे डॅन मॅक्रम सिटीग्रुपमधून आले. २००८ च्या आर्थिक संकटाआधी कर्जरोख्यांच्या बाजाराबद्दल सावध करणाऱ्या त्याच वृत्तपत्राच्या जिलियन टेट यांची पीएच.डी. मानववंशशास्त्रातली.

असे असेल तर विद्यापीठांनी हे वर्ग भरवायचे कशाला? माझे मत असे की भरवायलाच हवेत, पण आज बहुतेक ठिकाणी त्यांत जे शिकवले जाते ते नव्हे. वरच्या चौघांची पार्श्वभूमी वेगवेगळी असली तरी हत्यार एकच होते: कागद वाचायची सवय, आणि वाचलेले जुळत नसेल तर गप्प न बसायची खोड. खोड उपजत असेल-नसेल, सवय मात्र वर्गात लावता येते.

सुचेता दलाल यांची रोखे घोटाळ्यावरची २३ एप्रिल १९९२ ची ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली बातमी या दृष्टीने पुन्हा पाहावी. मालिका-सिनेमांमुळे ती आता शेअर बाजाराची गोष्ट म्हणून लक्षात राहिली आहे. प्रत्यक्षात तिचे मूळ सरकारी रोख्यांच्या हिशेबात होते. बँका एकमेकींना रोखे विकून काही दिवसांनी परत घेण्याचा करार करत, म्हणजे रोखे तारण ठेवून उसने पैसे घेणेच. मध्ये दलाल असे. रोखे हलवण्याऐवजी ‘बँक रिसीट’ नावाची पावती दिली जाई, आणि धनादेश कधीकधी थेट दलालाच्या खात्यात जमा होई. स्टेट बँकेच्या वहीत दिसणारे रोखे आणि रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातली नोंद यांत सुमारे ५०० कोटींचा फरक निघाला. दोन वह्या जुळत नव्हत्या, एवढीच ती बातमी. पुढे चौकशी करणाऱ्या जानकीरामन समितीने घोळाचा आकडा चार हजार कोटींच्या वर नेला. ही बातमी समजायला बैलाचा पुतळा आणि सेन्सेक्सचा आलेख उपयोगाचा नाही, बँकांचा व्यवहार कसा नोंदला जातो हे ठाऊक असावे लागते. पदवीच्या वर्गात हा व्यवहार फळ्यावर मांडून दाखवायला दोन तास पुरतात.

विद्यापीठात या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली ती अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली, १९७३ मध्ये तेलाचे भाव उसळले, महागाई पहिल्या पानावर आली, आणि संपादकांच्या लक्षात आले की हे समजून लिहिणारा माणूस आपल्याकडे नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने वॉल्टर बॅजट यांच्या नावाने पाठ्यवृत्ती सुरू केली. बॅजट म्हणजे एकोणिसाव्या शतकातले ‘इकॉनॉमिस्ट’चे संपादक, ‘लोम्बार्ड स्ट्रीट’चे लेखक. पहिले संचालक स्टीफन शेपर्ड पुढे ‘बिझनेस वीक’चे संपादक झाले. पुढे नाइट फाउंडेशनची देणगी आली आणि नाव नाइट-बॅजट झाले.

या योजनेचा शहाणपणा असा की तिने कोवळ्या विद्यार्थ्यांच्या मागे न लागता काही वर्षे बातमीदारी केलेल्या मोजक्या लोकांना एक शैक्षणिक वर्ष नोकरीतून सोडवून आणले. त्यांना पत्रकारिता शिकवायची नव्हतीच. त्यांना विद्यापीठाच्या व्यवस्थापन, कायदा आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार या शाळांचे दरवाजे उघडून दिले. ज्याने दिवाळखोरीच्या दहा बातम्या दिल्या आहेत तो दिवाळखोरीच्या कायद्याच्या तासाला वेगळ्या कानांनी बसतो. पन्नास वर्षे टिकलेली ही पद्धत मला या क्षेत्रातली सर्वांत भरवशाची वाटते, आणि नेमकी तीच आपल्याकडे रुजली नाही, कारण बातमीदाराला नऊ महिने पगारी मोकळे सोडणारे मालक आपल्याकडे दुर्मीळ.

दुसरी वाट पदव्युत्तर पदवीची. न्यूयॉर्क विद्यापीठाने पत्रकारिता विभागाच्या जोडीला स्टर्न व्यवस्थापन शाळेतले विषय घेऊन व्यापार-अर्थ बातमीदारीचा अभ्यासक्रम बेतला. कोलंबियाने २००५ पासून एम.ए.मध्ये अर्थ-उद्योग ही एक शाखा ठेवली. तिथे पुलित्झरविजेते जेम्स स्टुअर्ट शिकवत आले आहेत. लंडनच्या सिटी विद्यापीठात अर्थपत्रकारितेचे एम.ए. उभे राहिले ते ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये आयुष्य घालवलेल्या मार्जरी डीन यांच्या नावाच्या निधीतून. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ख्रिस राउश यांनी पदवीच्या मुलांसाठी क्रमिक पुस्तक लिहिले. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या रेनॉल्ड्स केंद्राने तर हा विषय शिकवू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठीच शिबिरे घेतली. मला या यादीत ती शिबिरेच जास्त महत्त्वाची वाटतात. त्याचे कारण आपल्याकडच्या वर्गांकडे आलो की कळेल.

एवढी तयारी असून २००८ आले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये काम केलेले डीन स्टार्कमन यांनी २००० पासून २००७ च्या मध्यापर्यंतचे आघाडीच्या नऊ प्रकाशनांतले शेकडो लेख तपासले आणि निष्कर्ष काढला तो असा: सुरुवातीच्या काही वर्षांत गहाणकर्ज देणाऱ्यांच्या लुटीवर चांगल्या शोधबातम्या आल्या होत्या, पण २००३ नंतर, म्हणजे ऐन रोग बळावत असताना, त्या आटल्या. त्याच विषयावर २०१४ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांचा मुख्य मुद्दा विद्यापीठांनाही लागू आहे. अर्थबातमी दोन प्रकारांनी लिहिली जाते. एक वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांशी बोलून गुंतवणूकदारासाठी, दुसरी खाली उतरून कर्जदार, ग्राहक, कामगार, हप्ता चुकलेला घरमालक यांच्याकडून. पहिलीत ओळखी लागतात, दुसरीत कोर्टाचे कागद आणि चिकाटी. अभ्यासक्रम बहुधा पहिलीसाठी बेतलेले असतात, कारण नोकऱ्या तिथे असतात.

आणि कारण पैसाही तिथूनच येतो. ब्लूमबर्ग या अर्थमाहिती पुरवणाऱ्या कंपनीचे नाव जगभरच्या अशा अभ्यासक्रमांत जिथे तिथे भेटते. बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठाने २००७ मध्ये इंग्रजीतून जागतिक व्यापार पत्रकारितेचा वर्ग सुरू केला, तिथे ब्लूमबर्गची टर्मिनले आली. २०१४ पासून आफ्रिकेतल्या विद्यापीठांमध्ये याच कंपनीच्या मदतीने अर्थपत्रकारांचे प्रशिक्षण चालले. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझममध्येही अर्थपत्रकारितेची पदविका ब्लूमबर्गच्या साथीने झाली. यात कट वगैरे शोधू नये. या वर्गांतून चांगले बातमीदार निघाले आहेत, आणि टर्मिनलसारखी महागडी गोष्ट विद्यापीठाला एरवी परवडणारी नाही. पण ज्या यंत्रावर रोखे, चलने आणि शेअर दिसतात त्या यंत्रावर शिकलेल्याला बातमीही रोखे, चलने आणि शेअर यांतच दिसू लागते. गडहिंग्लजच्या पतसंस्थेचा थकबाकीचा तक्ता त्या पडद्यावर उमटत नाही.

महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः तुकड्यांनी शिकवला जातो. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम, म्हणजे आताच्या बीएएमएमसी पदवीत पत्रकारिता घेणाऱ्यांना तिसऱ्या वर्षी व्यापार व अर्थपत्रकारिता असा एक विषय घेता येऊ लागला. बाकी ठिकाणी ‘विशेष बातमीदारी’ या प्रकरणात क्रीडा, गुन्हे, न्यायालय यांच्या पंगतीत अर्थ हाही एक पदार्थ. अशा विषयांच्या वर्गात बहुतेक वेळा काय होते ते सांगायला साक्षीदार शोधावा लागत नाही. सेन्सेक्स आणि निफ्टीत किती कंपन्या, रेपो दर म्हणजे काय, तेजीवाले-मंदीवाले कोण, राजकोषीय तूट कशाला म्हणतात, अशा व्याख्यांची एक माळ, परीक्षेत टिपा लिहा, आणि सत्राअखेर एखाद्या कंपनीवर प्रेझेंटेशन, ज्यात कंपनीच्या संकेतस्थळावरचाच मजकूर रंगीत होऊन येतो. व्याख्या चुकीच्या नसतात. पण व्याख्या पाठ करून बातमीदार होत नाही, जसे पोहण्याचे पुस्तक वाचून कुणी कृष्णेत उतरत नाही.

दोष एकट्या अभ्यासक्रमाचा नाही. वर्गात बसलेली बरीच मुले दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम करून आलेली असतात, किंबहुना पत्रकारितेकडे येण्याचे तेही एक कारण असते. शिकवणारा पत्रकारितेचा असतो, त्याने कधी ताळेबंद चाळलेला नसतो. किंवा कॉमर्सचा असतो, त्याने कधी बातमी लिहिलेली नसते. शेजारच्या खोलीत बी.कॉम.ला हिशेब शिकवणारे सर असतात, पण त्यांना इकडे तास द्यायचा तर मानधनाचे बिल कोणत्या खात्यातून, हा प्रश्न दोन सत्रे चालतो. अॅरिझोनाच्या शिबिरांचे महत्त्व ते हेच.

आपल्या वाचकाचा पैसा कुठे आहे, तिथून अभ्यास सुरू करायला हवा असे मला वाटते. डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती, ती २०२४ अखेर अठरा कोटींच्या वर गेली, हे खरे. तरीही मराठी घरातला पैसा अजून ठेवींत, सोन्यात, फ्लॅटमध्ये, उसाच्या बिलात आणि सहकारी बँकांत आहे. देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात. पेणची बँक २०१० मध्ये बुडाली, पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला, २०१९ मध्ये पीएमसी बँक अडचणीत आली. इतक्या ठेचा खाल्ल्यावर सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल कसा वाचावा हा इथल्या वर्गाचा पहिला धडा असायला हवा होता.

तो धडा असा घेता येईल. अहवाल हातात द्यावा आणि सांगावे, पहिली पाने उलटा. अध्यक्षांचे मनोगत, दीपप्रज्वलन, सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार, ऑडिट वर्ग ‘अ’, लाभांश इतके टक्के. स्थानिक पानावरची बातमी बहुधा इथेच संपते. आता मागे जा. थकीत कर्ज, म्हणजे एनपीए, दोन तऱ्हांनी दिलेले असते, ढोबळ आणि निव्वळ. समजा एकूण कर्जे १०० कोटींची, त्यांतली १२ कोटी थकली, म्हणजे ढोबळ प्रमाण १२ टक्के. बँकेने त्यापोटी ९ कोटींची तरतूद केली, तर निव्वळ थकीत ३ कोटी, प्रमाण साडेतीन टक्क्यांच्याही आत. दोन्ही आकडे खरे. सभेत कोणता सांगितला जातो ते पाहावे. पुढच्या वर्षी बँकेने आणखी २० कोटींची कर्जे वाटली. वसुली एक रुपयाची नाही, नवे कुणी थकवलेही नाही. ढोबळ प्रमाण १२ वरून १० टक्क्यांवर. ‘बँकेच्या थकबाकीत लक्षणीय घट’ अशी ओळ प्रसिद्धिपत्रकात येते आणि जशीच्या तशी छापली जाते. विद्यार्थ्याला रुपये आणि टक्के शेजारी शेजारी लिहायला लावले की ही ओळ त्याच्या हातून पुन्हा जात नाही. त्यानंतर संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे, संभाव्य देणी, लेखापरीक्षकाचे शेरे. एका अहवालाला दोन आठवडे द्यावेत. तेवढ्यात साखर कारखान्याचा अहवाल वाचायची वाटही अर्धी संपते. उरते ती उसाच्या रास्त व किफायतशीर दराची, म्हणजे एफआरपीची थकबाकी आणि राज्य सरकारच्या हमीवर घेतलेली कर्जे.

इथे एक शंका रास्त आहे. पीएमसी बँकेने आपली थकबाकी चार टक्क्यांहून कमी दाखवली होती. प्रत्यक्षात तिच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. लेखापरीक्षक आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना जे दिसले नाही ते पदवीच्या पोराला अहवालात काय दिसणार? बनावट खाती दिसली नसतीच. पण बँकेचा अध्यक्ष पूर्वी त्याच एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होता, आणि हे कंपनीच्या छापील अहवालांत होते. कंपनी पैशाच्या अडचणीत आहे हेही बाजाराला माहीत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि सुमारे महिनाभराने बँकेच्या खातेदारांना हजार रुपयांची मर्यादा लागली. दोन वेगळ्या संस्थांचे कागद शेजारी ठेवून पाहणे, यातून निदान प्रश्न तरी निघाला असता. सप्टेंबर २००० मध्ये जोनाथन वाइल यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या टेक्सास आवृत्तीत एन्रॉनसह ऊर्जा कंपन्यांचा किती नफा अजून हातात पडलेलाच नाही, असे विचारले तेही जाहीर कागदांच्या आधारे. प्रादेशिक आवृत्तीत आले म्हणून न्यूयॉर्कने फारसे मनावर घेतले नाही, हा आपल्या जिल्हा बातमीदारांना ओळखीचा अनुभव.

नीतीचा विषय सगळीकडे शेवटच्या प्रकरणात असतो आणि परीक्षेआधी घाईत उरकला जातो. वास्तविक अर्थपत्रकारितेत तो पहिल्या दिवसाचा विषय आहे, कारण इतर कुठल्याही बातमीदाराला छापायच्या आदल्या रात्री स्वतःच्याच बातमीवर पैसे कमावता येत नाहीत. आर. फॉस्टर विनान्स हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधले सदर लिहीत, त्यात उद्या कोणत्या कंपनीबद्दल काय येणार हे त्यांनी एका दलालाला आधी कळवले. १९८७ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. टपाल व तार यांच्या आधारे केलेल्या फसवणुकीबद्दलची शिक्षा एकमताने कायम झाली, रोखे कायद्याखालच्या मुद्द्यावर मात्र न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेले. लंडनच्या ‘डेली मिरर’मधले शेअरचे सदर लिहिणारे दोघे आधी शेअर घेऊन मग शिफारस करत, २००५ मध्ये दोषी ठरले. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने एका हिंदी वाहिनीच्या सूत्रसंचालकाला आणि त्याच्या कुटुंबीयांना अशाच आरोपावरून अंतरिम आदेशाने बाजारात व्यवहार करायला मज्जाव केला.

भारतीय प्रेस कौन्सिलची अर्थपत्रकारांसाठी स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वे आहेत: भेटी, सहली, सवलतीतले शेअर घेऊ नयेत, कंपनीच्या खर्चाने कारखाना पाहून आलात तर तसे बातमीत लिहावे, ज्या कंपनीत पैसा आहे तिच्यावर लिहू नये. वर्गात ही तत्त्वे वाचून दाखवतात. पण खरा पेच बातमीदाराच्या खिशापेक्षा मालकाच्या करारात असतो. जाहिरातीच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेण्याची ‘प्रायव्हेट ट्रीटी’ची पद्धत इथल्या मोठ्या वृत्तपत्रसमूहाने चालवली, आणि २०१० मध्ये सेबीला सांगावे लागले की असा हितसंबंध असेल तर बातमीसोबत जाहीर करा. नोकरी मागायला जिथे जायचे त्याच घराबद्दल हा धडा असल्याने तो शिकवताना आवाज जरा खाली येतो. ज्या विद्यापीठात माध्यमसमूहाची देणगी आहे तिथे आणखी खाली.

आता सल्ला देणारे वृत्तपत्रात राहिलेच नाहीत, ते मोबाइलवर आले. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने, केवळ गुंतवणूक-शिक्षण देणाऱ्यांनी आधीच्या तीन महिन्यांतले शेअरचे भाव वापरून बोलू नये अशी मर्यादा घातली. शिक्षणाच्या नावाखाली टिप देणाऱ्यांना आवरण्यासाठीचा हा नियम. कॉलेजांत ‘कोणता शेअर वर जाईल ते सांगा’ अशा स्पर्धांना अर्थपत्रकारितेचे प्रात्यक्षिक म्हणण्याची चाल पडली आहे, ती बंद व्हायला यानिमित्ताने हरकत नाही. पत्रकाराचे ते कामच नव्हे. अर्थसंकल्पाच्या दिवशीचे ‘काय स्वस्त, काय महाग’ हे कोष्टकही असेच. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून बहुतेक वस्तूंवरचा कर जीएसटी परिषद ठरवते, कोष्टक मात्र दरवर्षी फेब्रुवारीत हजर.

शिकलेले लोक टिकत नाहीत ही मालकांची तक्रार खोटी नाही. ताळेबंद वाचता येणाऱ्या मुलीला दलाली पेढी, म्युच्युअल फंड किंवा जनसंपर्क संस्था जास्त पगार देते आणि ती जाते. तिने जावेच. पण मग अर्थपानाची भिस्त वृत्तसंस्थेच्या भाषांतरावर आणि प्रसिद्धिपत्रकावर राहते. मराठीत हे काम नेटाने करणारे नाहीत असे नाही. ‘लोकसत्ता’चा ‘अर्थवृत्तांत’ वर्षानुवर्षे चालतो, गिरीश कुबेर यांनी तेलाच्या अर्थकारणावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली, पुण्याच्या इंडियन स्कूल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमीने ‘अर्थबोधपत्रिका’ काढली. ही सगळी मंडळी आपापल्या हिमतीवर तयार झाली, विद्यापीठाने त्यांना घडवले नाही.

नवी इमारत, नवी पदवी, नवे नाव यांची गरज मला दिसत नाही. पत्रकारितेच्या पदवीत एक सत्र हिशेबाचे, वाणिज्य विभागाच्या शिक्षकाकडून, खऱ्या अहवालांवर. एक सत्र सरकारी पैशाचे: महापालिकेचे अंदाजपत्रक, राज्याचा अर्थसंकल्प, त्यावर दोन-तीन वर्षांनी येणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल, जो विधिमंडळात बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवला जातो आणि म्हणून वाचला जात नाही. आणि पाच-सहा वर्षे काम केलेल्या जिल्ह्याच्या बातमीदारांसाठी वर्ष नाही तर निदान सहा आठवडे. पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, नाव न्यायमूर्ती रानड्यांचे, ज्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आणि बीएमसीसी हे वाणिज्य महाविद्यालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सहा आठवड्यांच्या वर्गाला बसायला खोल्या आहेत, शिकवायला माणसे आहेत. बातमीदाराचा तेवढ्या दिवसांचा पगार कोण देणार, एवढे ठरायचे आहे.